ढाळजेतला पाहुणा

श्रावणातल्या एका सायंकाळी दूरध्वनी आला. बोलणारा माझा जुना विद्यार्थी. धाराशिवच्या बसस्थानकाबाहेर एका कुत्रीच्या मागच्या पायावरून दुचाकी गेली होती. पशुवैद्यांनी हाड बसवून प्लास्टर घातले होते. आता सहा आठवडे तिला कोरड्या, बंदिस्त जागेत ठेवणे आवश्यक होते. ‘‘गुरुजी, तुमच्या वाड्याची ढाळज मोकळी असते ना?’’ त्याने विचारले. कोणत्याही सभ्य गृहस्थाने दिले असते तेच उत्तर मी दिले, ‘‘काम चांगले करता आहात. माझी पाचशे एक रुपयांची पावती फाड.’’ पलीकडे क्षणभर शांतता. मग तो नम्रपणे म्हणाला, ‘‘पैशाची सोय झालीय, गुरुजी. जागेची नाही झाली.’’

गेली अनेक वर्षे सेवाकार्यांसाठी निधी गोळा करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या पावतीपुस्तकाला कोणी ‘नको’ म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग. रात्री नऊच्या सुमारास एका रिक्षातून, गोणपाटात गुंडाळलेली ती कुत्री आमच्या दारी आली.

ही सात-आठ तरुणांची मंडळी. कोणी औषधाच्या दुकानात कामाला, कोणी महाविद्यालयात, एक मुलगी पशुवैद्यकाची पदविका घेतलेली. त्यांना कार्यालय नाही, फलक नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. जखमी जनावर दिसल्याचे कळले की जायचे, उचलायचे, उपचार करवायचे. इथवर त्यांची गाडी बरी चालते; औषधाला पैसे देणारे पुष्कळ भेटतात. ती अडते ती पुढच्या टप्प्यावर. प्लास्टर घातलेले कुत्रे रस्त्यावर सोडणे म्हणजे त्याला मरायला सोडणे होय. कायमचे घर देणारा मनुष्य लगेच मिळत नाही. या दोहोंच्या मध्ये महिना-दीड महिना त्याला स्वतःच्या उंबऱ्याआड ठेवून घेणारे कुटुंब लागते. मोठ्या शहरांतील मंडळी याला ‘फॉस्टर’ म्हणतात आणि तो शब्द ऐकताच आपल्याकडच्या पुष्कळांना हे सारे परक्या देशातून आलेले खूळ वाटू लागते. वास्तविक आपल्या खेड्यापाड्यांत अर्धलीने शेळी देण्याची रीत जुनीच आहे. एकाची शेळी दुसऱ्याच्या दारी वाढते, होणारी करडे दोघांत वाटली जातात. मुके जनावर विश्वासाने दुसऱ्याच्या दारी ठेवणे आपल्याला नवे नाही. जिथे वाटून घेण्यासारखे काहीच नाही अशा जनावरासाठी दार उघडणे तेवढे अवघड जाते.

अवघड का जाते, ते मी पहिल्या आठवड्यातच अनुभवले. आमच्या घरी सोवळेओवळे आता पूर्वीइतके राहिलेले नसले, तरी देवघर आहे, नैवेद्य आहे. सौभाग्यवतीने अट घातली की, पाहुणीने ढाळजेच्या पुढे यायचे नाही. पाहुणीच्या पायाची अवस्था पाहता ही अट मोडण्याची शक्यता नव्हती! दुसरा पेच आहाराचा. पशुवैद्यांनी उकडलेली अंडी सांगितली आणि आमच्या स्वयंपाकघरात अंडे कधी शिरलेले नाही. अखेर तोडगा निघाला : भाकरी आणि भात आमचा, अंडी त्या मुलांची. रोज सकाळी एक मुलगा घरून अंडी उकडून, कागदात बांधून आणीत असे आणि ढाळजेत बसून तिला भरवून, जागा पुसून जात असे. त्या निमित्ताने त्याच्याशी होणाऱ्या गप्पांतून मला आजच्या पिढीविषयी जे उमगले, ते शाळेत उमगले नव्हते. पण तो विषय वेगळा.

अडचणी सांगतो आहे, कारण या कामाचे गोडवे गाऊन कोणालाही त्यात ओढू नये, असे माझे मत आहे. पहिले काही दिवस ती रात्रभर विव्हळे. शेजाऱ्यांनी दोनदा विचारणा केली. पिसवा झाल्या. जंताचे औषध पाजताना तिने माझ्या मनगटावर दात लावले. जखम साबणाच्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धरून लगेच रुग्णालय गाठावे लागले, लसीच्या मात्रा घ्याव्या लागल्या आणि दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवावे लागले. रेबीज एकदा प्रकट झाला की त्यावर इलाज नाही. म्हणून या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने स्वतः आधी लस टोचून घ्यावी आणि ज्या घरात अगदी लहान मूल आहे त्या घराने हे व्रत तूर्त घेऊ नये. या बाबतीत भाबडेपणा चालत नाही.

असो. प्रश्न असा की, एका रस्त्यावरच्या कुत्रीसाठी एवढे सायास कशाला? हा प्रश्न मला आमच्याच वर्तुळातील एका ज्येष्ठांनी विचारला आणि तो गंभीरपणे घ्यावा असाच आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यापुरतेच पाहू. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. देव सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. दोन्ही गावांतील मानकरी रीतसर करार करून त्याला वाजतगाजत नेतात-आणतात. जिथे प्रत्यक्ष देवाची पाळी दोन घरांत लागते, तिथल्या माणसाला ‘काही दिवस तुझ्याकडे, काही दिवस माझ्याकडे’ ही कल्पना समजावून सांगावी लागू नये. या खंडोबाच्या पायाशी कुत्रे आहे आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात भूषण मानतात. परंडा तालुक्यातील सोनारीचा भैरवनाथ घ्या. भैरवाचे वाहनच श्वान. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि त्यांना आपण चार वेद म्हणतो. वैश्वदेवाच्या बलीत गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास काढलेला असतो. तेर येथे गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन संतांच्या मडक्यांची परीक्षा केली, तेव्हा नामदेवांचे मडके कच्चे ठरले, असे परंपरा सांगते. तेच नामदेव पुढे पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. तेरला कच्चे असलेले मडके तोवर भाजून निघाले होते, हे या कथेने सांगितले आहे असे मला वाटते.

तथापि, या सर्वांहून मला महत्त्वाचा वाटतो तो महाप्रस्थानिक पर्वातला युधिष्ठिर. इंद्राचा रथ समोर उभा असताना तो कुत्र्याला टाकून जायला नकार देतो. लक्षात घ्या, युधिष्ठिराने त्या कुत्र्याला खाऊ घातल्याचे व्यास सांगत नाहीत. आश्रयाला आलेल्याचा त्याग करणे हे महापातकांच्या तोडीचे पाप आहे, एवढाच त्याचा मुद्दा आहे. घास घालणे आणि न टाकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीला पाच मिनिटे पुरतात, दुसरीला सहा आठवडे लागतात. आपल्या समाजाने पहिली घट्ट धरून ठेवली आणि दुसरी हळूहळू सोडून दिली. मला नेमके हेच सांगायचे आहे.

आणि हे सांगताना बोट प्रथम आपल्याकडेच वळवले पाहिजे. त्याच मुक्कामात पोळा आला. खांदेमळणी झाली, शिंगे रंगली, पुरणपोळीचा नैवेद्य झाला. ज्या बैलांना आपण त्या दिवशी ओवाळतो, त्यांतले म्हातारे झालेले किती बैल पुढच्या पोळ्याला त्याच दावणीला असतात? १९९५ साली युतीच्या काळात विधिमंडळाने संमत केलेला गोवंश हत्याबंदीचा कायदा वीस वर्षे रखडून २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने अमलात आला. त्यासाठी ज्यांनी जन्म वेचला त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. परंतु काय करू नये, एवढेच कायदा सांगतो. पुढे दावणीला वैरण कोणी टाकायची हे तो सांगत नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान मान्य केले. निर्णय स्तुत्यच, पण दुष्काळात २०१९ साली चारा छावण्यांतील मोठ्या जनावरामागे हेच शासन दिवसाला १०० रुपये देत होते, हे ज्यांनी छावण्या चालवल्या ते विसरलेले नाहीत. तूट भरून काढायची ती समाजाने. ती भरते का? गोशाळेत वाढदिवसाला जाऊन गूळ-चपाती घालणारे आणि छायाचित्र काढणारे वाढले आहेत; एक भाकड गाय वर्षभर आपल्या दारात ठेवून घेणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावे इतके.

शेजारच्या बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात दहिवंडी नावाचे गाव आहे. तेथील शब्बीर सय्यद यांचे वडील खाटकाच्या व्यवसायात होते. त्यांनी तो सोडून दिला आणि गाई सांभाळायला आरंभ केला. मुलाने ते काम पुढे अनेक दशके, दुष्काळ सोसत, शेणखताच्या उत्पन्नावर रेटले. शेतकऱ्याला बैल देताना तो खाटकाला विकणार नाही, असे वचन ते घेतात. २०१९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्याच यादीत राधाकुंडाजवळ आजारी, अपंग गाई सांभाळणाऱ्या जर्मन बाई फ्रेडरिक इरिना ब्रुनिंग, म्हणजेच सुदेवी दासी, यांचेही नाव होते. या दोघांचा सन्मान झाला याचा आनंद आहेच. पण गोमातेचा जयघोष करणाऱ्या आम्ही मंडळींनी ही यादी वाचून थोडे ओशाळायलाही हवे होते.

आता दुसऱ्या बाजूविषयी. श्वानप्रेम हा पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवलेला धडा आहे, असा समज करून घेतलेल्यांनी १८३२ सालची मुंबई आठवावी. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवले आणि शिपाई घराघरांतून कुत्री ओढून काढू लागले. तेव्हा जून महिन्यात पारशी आणि हिंदू समाजाने दुकाने बंद ठेवून मुंबई ठप्प केली. त्या प्रक्षोभानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. म्हणजे ज्या संस्थेला आज आपण केवळ गाईंची समजतो, तिच्या पायाशी कुत्र्यांचा प्रश्न आहे! स्वतंत्र भारतात प्राणिक्लेश प्रतिबंधाचा १९६० चा कायदा झाला, त्यामागे राज्यसभेतील रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा आग्रह होता. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणारी हीच ती विदुषी. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे घटनेने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. आणीबाणीतल्या त्या ४२ व्या दुरुस्तीतून निघालेल्या अगदी थोड्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक.

परंतु शहरी प्राणिप्रेमाचेही एक ढोंग आहे. हजारो रुपये मोजून थंड प्रदेशातल्या जातीचे कुत्रे आणायचे आणि हौस फिटली की महामार्गावर सोडून द्यायचे, हे करणारे सुशिक्षितच असतात. दुसऱ्याच्या दारापुढे बिस्किटे टाकून निघून जाणारे, पण त्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्याचा विचारही न करणारे त्यांचेच भाऊबंद. त्याची किंमत शाळेत पायी जाणारे मूल आणि पहाटे कामाला निघालेली कष्टकरी बाई मोजते. प्राणी जनन नियंत्रणाचे नियम २००१ साली झाले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. कागद उत्तम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्यात बदल करून, नसबंदी आणि लसीकरणानंतर ती मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक तेवढी ठेवून घ्यावीत, असे सांगितले. ज्यांना कुत्री दत्तक घ्यायची असतील त्यांनी ती घ्यावीत, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी त्यांचीच, असेही त्या आदेशात आहे. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून परत तिथे सोडू नयेत, असा आदेश झाला. न्यायालयाची चिंता रास्त आहे. पण हलवून न्यायची कुठे? दिल्ली-मुंबईचे एक वेळ सोडून देऊ. लहान गावांच्या नगरपरिषदांनी पिंजरे, जागा आणि पशुवैद्य आणायचे कुठून? निवारा या शब्दाचा अर्थ एक कोंडवाडा असा होऊ द्यायचा नसेल, तर प्रत्येक गावात पंचवीस-तीस ढाळजी उघडाव्या लागतील.

जनावरे हाताळण्याची विद्या ज्यांच्याकडे आहे त्यांचीही येथे आठवण होते. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी १९९३ पासून गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केलेले काम या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. नंदीवाले, दरवेशी, माकडवाले, गारुडी या समाजांचे जगणेच जनावरांच्या संगतीत गेलेले. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वले आणि माकडे यांचे खेळ बंद झाले. जनावरांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मात्र जनावर सोडवून नेणाऱ्यांनी त्याच्या मागे रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या माणसाकडे वळून पाहिले नाही. भेदरलेल्या जनावराजवळ कसे बसावे, कोणत्या बाजूने हात घालावा, हे या वस्त्यांवरची म्हातारी माणसे जितके जाणतात, तितके कोणत्याही शिबिरात शिकवता येणार नाही. आमच्या तरुणांनी पालावर जाऊन त्यांच्यापाशी बसावे आणि त्यांना या कामात मानाने, मानधन देऊन घ्यावे, असे मी त्यांना सुचवले आहे.

सप्टेंबर २०२५ चा महापूर तर डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्या जिल्ह्याची ओळखच दुष्काळ, तिथे परंडा आणि भूम तालुक्यांत एका रात्रीत पाणी चढले; माणसे छतांवर गेली आणि दावणीची जनावरे दाव्यासकट बुडाली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून धान्य आले, कपडे आले, वैरणीच्या गाड्या आल्या. संघाचे आणि इतर संस्थांचे कार्यकर्ते चिखलात उतरले. परंतु गोठा वाहून गेलेल्या शेतकऱ्याची वाचलेली एकुलती एक गाय, त्याचा संसार पुन्हा उभा राहीपर्यंत, महिना-दोन महिने कोणाच्या गोठ्यात ठेवायची, याची यादी कोणाकडे तयार नव्हती. अन्नधान्याच्या संचाची यादी आपल्याकडे तयार असते, रक्तदात्यांची यादी तर प्रत्येक गावात असते. गाय, बैल, शेळी, कुत्रे यांपैकी काय आणि किती दिवस ठेवून घेऊ शकतो, हे लिहून देणाऱ्या कुटुंबांचीही एक वही प्रत्येक गावात का असू नये? गणेश मंडळांना आणि महिला भजनी मंडळांना हे काम सहज पेलेल. शाखेच्या गटनायकाला आपल्या भागात कोणाचे अंगण मोठे आहे आणि कोणाच्या घरी दुपारी माणूस असतो, हे तसेही ठाऊक असतेच.

आमच्या पाहुणीचे प्लास्टर घटस्थापनेच्या आधी निघाले. पाय किंचित वाकडा राहिला. नसबंदी आणि लसीकरण झाले. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरहून वाघ चालत आला, तेव्हापासून त्या बाजूच्या शेतवस्त्यांवर राखणीच्या कुत्र्याला मागणी आहे. लंगडे कुत्रे वाघापुढे काय राखण करणार, असे मी त्या शेतकऱ्याला विचारले, तर म्हणाला, ‘‘गुरुजी, पळायचं काम आमचं, तिनं फक्त वरडायचं.’’ मुलांनी आधी त्याची वस्ती पाहून घेतली, पाणी आणि सावली पाहिली, मग दिली. महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन पाहून येते. ती गेली त्या दिवशी सौभाग्यवतीने ढाळज धुऊन काढली आणि तिच्या पाण्याचे भांडे मात्र कोपऱ्यात तसेच राहू दिले. मी त्याविषयी काही विचारले नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा दूरध्वनी आला. मोंढ्यातल्या एका आडतीच्या दुकानात मांजरीची तीन पिले सापडली आहेत, आई मोटारीखाली गेली, डोळे अजून उघडलेले नाहीत, दर दोन-तीन तासांनी दूध पाजावे लागेल. मी काही बोलण्याच्या आत आतून प्रश्न आला, ‘‘मांजर आहे का कुत्रं, ते आधी विचारा. मांजर असंल तर माजघरात ठेवू, ढाळजेत गार लागंल.’’